१९२८ चा मिकी टी-शर्टवर छापायचा की नाही?

खडूफळा: अमेरिकेत १ जानेवारी २०२४ ला ‘स्टीमबोट विली’ या मिकी माऊसच्या १९२८ च्या कार्टूनपटाचा कॉपीराइट संपला. तरी ओळखीतला एक टी-शर्टवाला घाबरून बसलाय. ९५ वर्षं कमावलं ना डिस्नेने? आता पुरे. छापा बिनधास्त.

शाईपेन: बिनधास्त म्हणायला तुमचं काय जातंय, नोटीस त्याच्या नावाने येणार. कॉपीराइट संपला, ट्रेडमार्क, म्हणजे माल कुणाचा ते सांगणाऱ्या नाव-चिन्हावरचा हक्क, नाही. तो वापरात राहिला आणि वेळच्या वेळी नूतनीकरण झालं की त्याला मरण नाही. शिट्टी वाजवणारा हाच मिकी २००७ पासून डिस्नेच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या बोधचिन्हात आहे, तो काय हौसेने? २०२५ मध्ये हाँगकाँगच्या एका दागिनेवाल्या कंपनीवर दावा ठोकलाच की.

खडूफळा: ती कंपनी ‘मिकी १९२८’ नावाने दागिने विकत होती, म्हणजे भांडण नावावरून. छातीवर नुसतं चित्र असलं तर? संपलेला कॉपीराइट ट्रेडमार्कच्या मागच्या दाराने परत आणू नका, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या ‘डॅस्टार’ खटल्यात बजावलंय.

काळाकोट: माल इथे विकणार ना? मग अमेरिकेचं कौतुक थोडं बाजूला ठेवा. आपल्या कायद्यात चित्रपटाला प्रदर्शनानंतर ६० वर्षं, पण चित्राला चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मिकी कागदावर उतरवणारा अब आयवर्क्स १९७१ मध्ये गेला, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत, असा दावा होऊ शकतो. मूळ देशात हक्क संपला तर इथेही संपतो, हे परकीय कलाकृतींबाबतच्या सरकारी आदेशातलं उत्तर त्याला आहे आणि मला ते पटतंही. पण ते कोर्टात द्यायचं म्हणजे तारखा आल्या, फी आली.

खडूफळा: मोठी कंपनी दरवेळी जिंकतेच असं नाही. मुलांच्या गोष्टींतल्या ‘नॉडी’ या पात्राच्या नावावरून लागलेला २०१० चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल बघा, मुलांचे कपडे विकणारा इथला व्यापारी जिंकला.

शाईपेन: कारण त्याच्याकडे ते नाव इथे आधीपासून वापरात होतं आणि कंपनीला स्वतःचा त्याआधीचा वापर सिद्ध करता आला नाही. मिकीबद्दल हे कोण सांगणार कोर्टात? तुम्ही?

सूतगुंडी: आमच्याकडे छपाईचंच काम आहे. गिऱ्हाईक ‘जुना मिकी’ म्हणून फाइल पाठवतं, उघडून बघावं तर लाल चड्डी, पिवळे बूट! १९२८ चा मिकी काळा-पांढरा, हातमोजे नाहीत, डोळे म्हणजे नुसते काळे ठिपके. हातमोजे १९२९ मध्ये आले. मूळ फिल्ममधली फ्रेम दाखवल्याशिवाय मी छपाईची स्क्रीन बनवत नाही. गळ्यामागच्या लेबलवर किंवा ऑनलाइन जाहिरातीच्या शीर्षकात ‘मिकी’ टाकायचं असेल, तर सरळ नाही म्हणते.

खडूफळा: अहो, नाव टाकलं नाही तर गिऱ्हाइकाला सापडणार कसं?

शाईपेन: अगदी हेच वाक्य डिस्नेचा वकील कोर्टात वाचून दाखवेल.