थर्ड शिफ्टला स्टिंग, रेड बुल, मॉन्स्टर की घरची कॉफी?

थर्ड_शिफ्ट_चाकण
रात्री 11 ते सकाळी 7 ची पाळी आहे. तीनच्या सुमाराला डोळे मिटायला लागतात. टपरीवर स्टिंग 20 रुपयांना मिळते, रेड बुलचा डबा सव्वाशेच्या घरात, मॉन्स्टरचा डबा त्याहून बराच मोठा. जास्त पैसे मोजले की जास्त कॅफिन मिळतं का? सकाळी साडेआठला झोपायचं असतं. बीपी नाही, शुगर नाही, कुठलंही औषध चालू नाही.

लेबलवाला
किमतीचा आणि कॅफिनचा काही संबंध नाही. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे अशा एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरमागे कमीत कमी 145 आणि जास्तीत जास्त 300 मिग्रॅ कॅफिन चालतं. म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत 75 मिग्रॅच्या वर जाताच येत नाही. स्टिंग आणि रेड बुल दोन्ही या मर्यादेला जवळजवळ टेकलेली आहेत, त्यामुळे जागं राहण्यापुरतं बघाल तर दोन्ही सारखीच.

मॉन्स्टर कडक वाटतं ते डब्याच्या आकारामुळे. 475 मिलीच्या डब्यात याच नियमाने 142 मिग्रॅपर्यंत कॅफिन बसतं. उघडलेला डबा अर्धा ठेवून कोणी देत नाही, गॅस उडून जातो, म्हणून एका बैठकीत दोन बाटल्यांचा डोस पोटात जातो. लेबलवर आकडा 100 मिलीचा असतो. तो डब्याच्या मापाने गुणूनच बघा.

साखरेचं बोलायचं तर साध्या रेड बुलच्या डब्यात 27 ग्रॅम, म्हणजे पाच चमच्यांच्या वर. शुगरफ्रीमध्ये कॅफिन तेवढंच असतं. साखरेने झोप उडत नाही, त्यामुळे घ्यायचंच तर शुगरफ्री घ्या. या पेयांत घातलेल्या टॉरिन नावाच्या घटकासाठी जादा पैसे मोजू नका, जागं ठेवण्याचं काम कॅफिनच करतं.

फिल्टर_आणि_फेस
मी कॉफीच सांगेन, कारण तिचं माप तुमच्या हातात राहतं. पाकिटावर कॉफी-चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं ते आधी वाचा. चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड, तिच्यात कॅफिन नसतं. शुद्ध इन्स्टंट कॉफीच्या 2 ग्रॅममध्ये साधारण 60 मिग्रॅ कॅफिन येतं, 70:30 च्या मिश्रणात तेच 40 च्या आसपास. "दोन चमचे टाकले तरी काही होत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा चिकोरीची असते.

थर्मासमध्ये 300 मिली गरम पाणी आणि 4 ग्रॅम शुद्ध इन्स्टंट, दूध न घालता. दुधाची कॉफी तासन्‌तास कोमट राहिली की नासते. दूध पावडरची पुडी वेगळी न्या आणि पिताना कपात घाला. 150 मिलीचे दोन कप होतात, प्रत्येकी साधारण 60 मिग्रॅ. चमच्याचा भरवसा धरू नका, शीग लावलेला चमचा सपाट चमच्याच्या दुप्पट भरतो. एकदा काट्यावर तोलून बघा.

झोपेचं_गणित
पेय कुठलंही घ्या, वेळ चुकली तर सगळं फुकट. कॅफिनचा असर अर्ध्या ते एका तासात चढतो आणि त्यातलं निम्मं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. झोपेच्या सहा तास आधी 400 मिग्रॅ घेतलं तरी झोप तासाभराने कमी होते, असं प्रयोगात दिसलेलं आहे.

तुम्हाला साडेआठला झोपायचंय, म्हणून पहिला कप साडेअकराला, दुसरा दोनला, अडीचनंतर काही नाही. तीनला डोळे मिटायला लागल्यावर घेतलेला डबा उशिराच ठरतो. पहाटे पाचचा चहासुद्धा सोडा, दिवसाची झोप तोच खातो. ब्रेक मिळत असेल तर दोनचा कप पिऊन लगेच 15-20 मिनिटं आडवं व्हा, उठेपर्यंत कॅफिन चढायला लागलेलं असतं.

निरोगी माणसाला दिवसाला 400 आणि एका वेळी 200 मिग्रॅ ही वरची मर्यादा धरा. दिवसभरातले चहाही त्यात मोजायचे. पुढेमागे सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू झालं तर कॉफी कमी करा, त्या गोळ्यांनी कॅफिन अंगात रेंगाळतं आणि छाती धडधडते.

न्यूजर्सीकर
परदेशातून कोणी डबे आणून दिले तर भारतातला हिशेब लावू नका. इथे अमेरिकेत सेल्सियस नावाच्या एनर्जी ड्रिंकच्या 355 मिलीच्या डब्यात 200 मिग्रॅ असतं. प्राइम या ब्रँडची दोन पेयं तर दिसायला सारखी, पण बाटलीतल्या ‘हायड्रेशन’मध्ये कॅफिन शून्य आणि डब्यातल्या ‘एनर्जी’त 200 मिग्रॅ. घरात लहान मुलं असतील तर हा फरक नीट बघा.

थर्ड_शिफ्ट_चाकण
आभारी आहे सगळ्यांचा. थर्मास पक्का. सुट्टीच्या दिवशी काहीच न घेतल्यावर डोकं दुखतं, ते यामुळेच का?

झोपेचं_गणित
बहुतेक त्यामुळेच. रोजची सवय एकदम तुटली की 12 ते 24 तासांत डोकं धरतं. सुट्टीच्या दिवशी उठल्यावर 1 ग्रॅम कॉफीचा एक कप घ्या, पूर्ण बंद करू नका. सवयच सोडायची असेल तर रोजच्या 4 ग्रॅममधून दर आठवड्याला 1 ग्रॅम कमी करत या.