पाहुण्यांसमोर रॉक वाजवायचं की फक्त लेझीमच?

झिरोमाइल_बेस

परवा एका लॉनवर आमच्या बँडला बोलावलं होतं. परदेशी पाहुणे येणार होते. कुठल्या देशाचे ते सांगत नाही, आयोजकांचं नावही घेत नाही. साउंडचेक झाला, ड्रमरने स्नेअर ताणून घेतला आणि तेवढ्यात एक गृहस्थ आले. "दादा, ते इंग्रजी टाइप नको. काहीतरी आपलं वाजवा. आणि आवाज खाली घ्या." आमची चारही गाणी मराठी, आम्हीच लिहिलेली. ती त्यांच्या 'आपलं'मध्ये बसेनात. शेवटी पंधरा मिनिटांत दोन गाणी उरकली. आमच्या आधी लेझीम, नंतर जेवण.

जेवणाच्या रांगेत त्या पाहुण्यांपैकी एक पन्नाशीचा माणूस आला आणि त्याने माझ्या बेस गिटारकडे बोट दाखवून हवेतच डीप पर्पल या रॉक बँडचं गाणं वाजवून दाखवलं. दहा मिनिटं बोललो. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं होतं, तरी अडलं नाही.

तर माझं म्हणणं असं, की दोन देशांतला अवघडलेपणा मोडायला रॉकसारखं हुकमी काही नाही. ऑगस्ट १९८९ चं मॉस्को आठवा. लेनिन स्टेडियमवर दोन दिवस बॉन जोव्ही, ऑझी ऑस्बोर्न, मोटली क्रू, स्कॉर्पियन्स. सोव्हिएत बाजूने सूत्रं कोणाकडे, तर स्तास नामिनकडे. हा मिकोयानचा नातू! स्टालिनच्या काळात मंत्री असलेल्या माणसाच्या नातवाने ऑझीला लेनिनच्या नावाच्या मैदानात उभं केलं. स्कॉर्पियन्सच्या क्लाउस माइनेला 'विंड ऑफ चेंज' सुचलं ते याच दौऱ्यानंतर, आणि तीन महिन्यांत बर्लिनची भिंत गेली. गाण्याने पडली असं म्हणायला मी काही खुळा नाही. पण हवा कुठून वाहतेय ते त्या मैदानात आधी कळलं.

आयसीसीआर, म्हणजे आपल्या सरकारची सांस्कृतिक संबंध परिषद, १९५० पासून आपले कलावंत बाहेर पाठवते. कथक जावं, सतार जावी. सोबत गिटारही जाऊ द्या की.

महालचा_भाचा

ऑगस्टचं मॉस्को सांगून राहिला भाऊ, त्याच वर्षीच्या डिसेंबरचं पनामा काऊन विसरला? तिथला हुकूमशहा नोरिएगा व्हॅटिकनच्या वकिलातीत लपून बसला तं अमेरिकन फौजेनं बाहेर भोंगे लावले अन् दिवसरात्र रॉक वाजवलं. आत पाद्री बिचारे कानात बोटं घालून. शेवटी व्हॅटिकननं तक्रार केली तेव्हा भोंगे बंद झाले. वकिलातीच्या दारात रॉक! घ्या तुमची मुत्सद्देगिरी.

अन् मॉस्कोच्या त्या जत्रेचं अर्धंच सांगितलं तुम्ही. ती व्यसनमुक्तीच्या नावाखाली भरवली होती. भरवणारा मॅनेजर डॉक मॅकघी, जो स्वतः गांजाच्या तस्करीत दोषी ठरलेला. मंचावर कोण, तं ऑझी अन् मोटली क्रू. व्यसनमुक्तीवाले! हसू का रडू?

झिरोमाइल_बेस

पनामात रॉक वाजवलं ते फौजेने, बँडने नाही. लाउडस्पीकरवर भजन लावूनही शेजाऱ्याला छळता येतं, म्हणून भजन वाईट होत नाही.

रामदासपेठ_वाचनालय

मुद्दा वाद्याचा नाहीच, तिकीट कोण काढतं याचा आहे. इतिहास शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९५६ मध्ये जॅझवाल्या डिझी गिलेस्पीला दौऱ्यावर पाठवलं, १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेकला. ब्रुबेक भारतातही येऊन गेला. घरी कृष्णवर्णीयांना वेगळ्या दारातून आत घ्यायचं आणि बाहेर त्यांचंच संगीत मिरवायचं, असा तो कारभार. अमेरिकेतल्या लिटल रॉक शहरात १९५७ साली काळ्या मुलांना शाळेत येऊ देत नव्हते, तेव्हा जॅझवाल्या लुई आर्मस्ट्राँगने सरकारतर्फे रशियाला जायला साफ नकार दिला. त्या सगळ्या कार्यक्रमातला मला सर्वांत आवडणारा दौरा हाच, न झालेला.

रॉकची पाळी आली १९७० मध्ये. 'ब्लड, स्वेट अँड टिअर्स' या बँडला युगोस्लाव्हिया, रुमानिया आणि पोलंडला धाडलं. बुखारेस्टमध्ये पोरं इतकी पेटली की अधिकारी घाबरले. दुसऱ्या कार्यक्रमाआधी अटी आल्या आणि प्रेक्षकांवर पोलीस कुत्रे घेऊन धावले. हा झाला तिकडचा प्रकार. बँड घरी परतला तर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उभी असलेली त्यांचीच पिढी म्हणायला लागली, हे निक्सन सरकारचे भाट झाले. रुमानियाला ते अमेरिकेचे, अमेरिकेतल्या पोरांना ते सरकारचे. त्यांचं नाव त्यातून पुरतं सावरलं नाही.

झिरोमाइल, तुम्हाला आयसीसीआरचं तिकीट हवंय. मिळालं तर तुमच्या चौथ्या गाण्यातलं कुठलं कडवं गाळायला सांगतील, तेही आत्ताच ठरवून ठेवा. लॉनवरच्या दादांनी त्याची रंगीत तालीम घेतलीच आहे.

इंदोरा_एक्सप्रेस

सगळे मॉस्को-बुखारेस्ट करताहेत. आपल्या गावात जपान कसं आलं ते कोणी सांगेल का? भंते सुरेई ससाई साठच्या दशकात जपानहून भारतात आले आणि नागपूरचेच झाले. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर १९९९ मध्ये उभं राहिलं, जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी जे केलं, त्याच्या ओढीने ही माणसं इथवर आली. कुठे वाजली गिटार? रविवारी ड्रॅगन पॅलेसच्या हिरवळीवर पोरं डबे उघडून बसलेली असतात, त्यांना कोणी सांस्कृतिक राजनय शिकवला नाही.

रॉकला माझा विरोध नाही. पण 'रॉकइतकं हुकमी काही नाही' हे वाक्य मागे घ्या.

झिरोमाइल_बेस

घेतलं. 'रॉकही हुकमी आहे' असं वाचा.

तर्री_जास्त

मीही नागपूरचंच सांगतो. १९९३, आमचं होस्टेल. शेजारच्या खोलीत तेहरानचा एक मुलगा होता. तेव्हा इराणातून बरीच मुलं इथे शिकायला यायची. त्याच्याकडे एक कॅसेट होती. कव्हरवर फारसीत काहीतरी लिहिलेलं. विचारलं तर म्हणाला, "इंग्रजी संभाषण, पाठ तिसरा." आत पिंक फ्लॉइड. त्याच्या घरी ती अशीच वेषांतर करून राहायची.

मे महिन्यात मी ती माझ्या खिडकीत विसरलो. नागपूरचं ऊन, सांगायला नको. फीत अशी लोंबली की गिटार रडायची आणि गाणारा दारू प्यायल्यासारखा वाटायचा. मला वाटलं, आता हा बोलणं टाकणार. त्याने पूर्ण ऐकली आणि म्हणाला, "ही नागपूर आवृत्ती." परीक्षेनंतर तेहरानला जाताना ती घेऊनच गेला. त्या चार वर्षांत इराणबद्दल जे कळलं ते मला कुठल्याही वर्तमानपत्राने दिलं नाही. आणि त्यात कुणा सरकारचा छदाम नव्हता.

महालचा_भाचा

किस्सा झकास, पण ती दोस्ती झाली, मुत्सद्देगिरी नाही. दोन पोरं एका खोलीत बसली की कॅरमनंही तेवढंच होते. त्याले व्हिसा कोणी दिला होता? सरकारनंच ना?

तर्री_जास्त

हे मात्र खरं. मानलं.

सीमेवरचा_सूर

व्हिसावरून आठवलं, पाकिस्तानचा रॉक बँड जुनून. त्यांचं 'सयोनी' आपल्याकडे गल्लोगल्ली वाजत होतं, १९९८ मध्ये ते इथे येऊन वाजवूनही गेले. त्याच मे महिन्यात दोन्ही देशांनी अणुस्फोट केले. जुनूनवाले बॉम्बविरुद्ध बोलले आणि त्यांच्या सरकारी टीव्हीने त्यांना बंद केलं. मे २००८ मध्ये हेच लोक श्रीनगरला दल सरोवराच्या काठी वाजवून गेले, तेही धमक्या असताना. वाचनालय मॅडमना म्हणायचंय की सरकारने पाठवलं की संगीत बाटतं. पण सरकारने अडवलं की ते सरहद्दीपर्यंतसुद्धा पोचत नाही, त्याचं काय?

रामदासपेठ_वाचनालय

बाटतं असं नाही म्हटलं. सरकारने दार उघडावं आणि बाजूला व्हावं, एवढंच. पूर्व बर्लिनमध्ये जुलै १९८८ ला अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनला बोलावलं ते तिथल्या सरकारी युवक संघटनेनेच. पोरं शांत राहतील असा हिशेब. तिकिटांवर परस्पर छापलं, की हा कार्यक्रम निकाराग्वासाठी! त्याला ते रुचलं नाही. मंचावरून त्याने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, की मी कुठल्याही सरकारच्या बाजूने किंवा विरोधात आलेलो नाही, आणि हे अडथळे एक दिवस जातील अशी आशा आहे. यजमानांचा हिशेब तिथेच चुकला. मला असा दौरा चालेल. पण तसं बोलण्याची हिंमत बँडकडे लागते. पंधरा मिनिटं मिळाली म्हणून दोन गाणी गाळणाऱ्यांकडे ती आहे का?

महालचा_भाचा

आई गं. झिरोमाइल, लागलं का जास्त?

झिरोमाइल_बेस

लागलं. पण खोटं नाही. त्या रात्री आम्ही गाळलेली दोन गाणी नेमकी गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावरची होती, हे आता सांगून टाकतो. दादांनी ती नावं घेऊन गाळायला सांगितली नव्हती. आम्हीच गाळली.

इंदोरा_एक्सप्रेस

तो डीप पर्पलवाला पाहुणा परत भेटला का?

झिरोमाइल_बेस

नंबर घेतला होता. त्या रात्रीचं लॉनवरचं रेकॉर्डिंग पाठवलं. आठ दिवस काही नाही. काल उत्तर आलं: "गाणं चांगलं आहे. बेस कुठे आहे?"