ओट्याच्या ग्रॅनाइटला आणि टाइल्सच्या ग्राउटला सीलर कोणता?

प्रेषक: मेधा, नोव्हाय

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आम्ही इथल्याच (नोव्हाय, मिशिगन, अमेरिका) नव्या घरात आलो. (घर ९८ सालचं आहे, नवं फक्त आम्हाला.) ओटा फिकट ग्रॅनाइटचा आहे, पांढऱ्यावर करडी झाक आणि मधेमधे लालसर ठिपके. गॅसच्या मागे पांढऱ्या टाइल्स आहेत. त्यांच्या फटींतलं ग्राउट दोन महिन्यांच्या फोडण्यांनी पिवळं पडलंय. तेलाची बरणी ठेवते तिथे ओट्यावर काळपट गोल उमटलाय, तो काही केल्या जात नाही.

एक माणूस येऊन बघून गेला. ओटा, गॅसमागची भिंत, दोन्ही बाथरूम असं सगळं सील करून (म्हणजे पाणी-तेल आत मुरू नये असा सीलर लावून) देतो, दहा वर्षं बघायला नको म्हणतो. आकडा सांगितला तेव्हा हे खुर्चीत बसलेच. स्वतः करावं म्हणून दुकानात गेले तर बाटल्यांची ही रांग! कुणी घरी केलंय का? कोणता सीलर घेतलात?


प्रेषक: अनघा, कँटन

मेधा, आम्ही ग्रॅनाइट गोल्डचा फवारा आणतो. अधूनमधून मारायचा आणि पुसायचा. ओटा चकाचक दिसतो. यापलीकडे खरं सांगायचं तर कधी विचार केला नाही.


प्रेषक: नानाकाका, ट्रॉय

मेधा,

त्या माणसाला अजून हो म्हणू नकोस. आणि अनघा, फवाऱ्यात वाईट काही नाही, पण ओटा चमकतो म्हणजे सील झाला असं नव्हे. आत मुरणारा सीलर डोळ्यांना दिसतच नाही. चमक असते ती पॉलिशची.

सीलर कोणता, हे नंतर. आधी दगड कोणता ते बघ. इथे ग्रॅनाइट म्हणून विकलं जाणारं बरंच काही भूगर्भवाल्यांच्या हिशेबात ग्रॅनाइट नसतं. काळंकुळकुळीत 'ॲब्सोल्यूट ब्लॅक' घे. ते गॅब्रो किंवा डोलेराइट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टचं सख्खं भावंड. ते इतकं घट्ट असतं की त्याला सीलर लावणं म्हणजे काचेला तेल लावणं. तू लिहिलेल्या वर्णनावरून तुझा दगड मला 'काश्मीर व्हाइट' वाटतोय. नाव काश्मीरचं, खाण तमिळनाडूत. ते लाल ठिपके गार्नेटचे. हा दगड मात्र चांगलाच पितो.

पण माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस. ओटा कोरडा असताना सिंकजवळ, गॅसजवळ आणि मधे कुठेतरी थोडंथोडं पाणी ठेव. दहा-पंधरा मिनिटांनी टिपून घे. खालचा दगड गडद झाला तर सीलर हवा. रंग जशास तसा राहिला तर हातही लावू नकोस. मग कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब, पाचेक मिनिटं. तिथली चकाकी गेली तर दगड चुनखडीच्या कुळातला, संगमरवर वगैरे. 'क्वार्टझाइट' म्हणून खपवलेल्यांत असे बरेच निघतात. त्यांवर सीलर डाग अडवेल. आम्लाने उडणारी चकाकी अडवणं त्याच्या हातात नाही. पुण्याच्या घरी आमचा कडप्प्याचा ओटा होता, तोही चुनखडीच. आमसुलाचं पाणी सांडलं की पांढरा ठिपका. मग आई त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवायची आणि पुढच्या आमसुलापर्यंत सगळं ठीक असायचं.

आता बाटल्या. वर थर धरणारे सीलर ओट्यासाठी बघूच नकोस, त्यांचे पापुद्रे निघतात. आत मुरणारा घे, लेबलवर 'पेनिट्रेटिंग' किंवा 'इम्प्रेग्नेटर' लिहिलेलं असतं. त्यातही दोन तऱ्हा. सिलेन-सिलॉक्सेनवाले पाणी छान अडवतात, तेलापुढे कमी पडतात. तेलही अडवणाऱ्यांत बहुधा फ्लोरिनवाली रसायनं असतात, नॉनस्टिक तव्याच्या गोत्रातली. इथल्या घरांत धास्ती वाइनची आणि कॉफीची. आपल्याकडे डाग पडतो तेलाचा, आणि हळद येते तीही तेलातूनच. हळदीचा पिवळा रंग पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतो. फोडणीचं तेल उडालं की रंग त्याच्याबरोबर दगडात शिरतो. म्हणून बाटलीवर नुसतं 'वॉटर रिपेलंट' असेल तर परत ठेव. तेलाचं नाव घेतलेली बाटली उचल.

मिरॅकलचा ५११ इम्प्रेग्नेटर सॉल्व्हंटवरचा आहे, ॲक्वा मिक्सचा सीलर्स चॉइस गोल्ड पाण्यावरचा. घट्ट दगडात सॉल्व्हंटवाला जास्त खोल जातो म्हणतात. पण फेब्रुवारीत मिशिगनमध्ये खिडक्या सताड उघडून कोण बसणार? सॉल्व्हंटची वाफ पेट घेणारी आणि हवेपेक्षा जड, खाली पसरते, आणि तळघरात फर्नेसची ज्योत असते, वॉटर हीटरची असते. मे महिन्यापर्यंत थांबायचं नसेल तर पाण्यावरचाच घे. पिणाऱ्या दगडाला तो पुरतो.

लावायला अक्कल लागत नाही, पुसायला लागते. ओटा धुऊन चोवीस तास कोरडा होऊ दे. हातभर जागा घे, कापडाने सीलर सगळीकडे ओला पसर, लेबलवर लिहिलेली मिनिटं मोज आणि तो वर वाळायच्या आत कोरड्या कापडाने पूर्ण पुसून टाक. आत गेला तो सीलर, वर राहिला तो चिकटा. मग लेबल सांगेल तितका वेळ ओट्यावर पाणी सांडू देऊ नकोस. त्या दिवशी बाहेरून जेवण मागव.

दहा वर्षांच्या हमीचं म्हणशील तर तसे सीलर मिळतात. हमीपत्रातली बारीक अक्षरं तेवढी वाचून घे. ओट्यावर रोज काय वापरायचं याच्याही अटी त्यात असू शकतात. मी तारखा पाळत नाही. वर्षातून एकदा पाणी ठेवून बघतो.

ग्राउटचं उद्या लिहितो. हिला डॉक्टरकडे न्यायचंय.


प्रेषक: संजय, फार्मिंग्टन हिल्स

नानाकाका, आमचा ओटा काळाच आहे. आधीच्या मालकाने त्याला सीलर लावला असावा. सकाळच्या उन्हात तिरकं बघितलं की पुसल्याचे फराटे दिसतात, साबणाने जात नाहीत. व्हिनेगर मारून बघू का?


प्रेषक: लिस्ट सांभाळणारे

मंडळी, पाडव्याच्या जेवणाचे आकडे कृपया त्याच्याच धाग्यात द्या. "आमचे ४, त्यात १ बिनकांदा-लसूण" हे उत्तर ग्रॅनाइटच्या विषयाखाली आलं आहे आणि ते कुणाचं हे आता शोधावं लागणार.


प्रेषक: नानाकाका, ट्रॉय

संजय, व्हिनेगर नको. ते फराटे म्हणजे वर वाळून बसलेला सीलर. ॲसिटोन घे, घरातला गॅस बंद ठेव आणि पांढऱ्या कापडाने आधी एका कोपऱ्यात चोळून बघ. कापड काळं झालं तर तिथेच थांब. मग दगड मुळात करडा असून त्याला काळा रंग मारलेला आहे. असे ओटे बाजारात आहेत. कापड पांढरं राहिलं तर थोडंथोडं करत सगळं काढून टाक, आणि त्यानंतर त्याला काहीही लावू नकोस.

मेधा, आता ग्राउट. त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघ. गडद झालं की समज सिमेंटचं आहे आणि उघडं आहे. इपॉक्सीचं ग्राउट पाणी पीत नाही, त्याला सीलर लागत नाही. ९८ सालच्या घरात बहुतेक सिमेंटचंच निघेल.

पिवळ्या ग्राउटवर सीलर लावलास तर पिवळेपणा आत कोंडून ठेवशील, म्हणून आधी साफसफाई. इथे एक गंमत बघायला मिळेल. बाजारातले तेलकटपणा काढणारे क्लीनर अल्कलीचे असतात. ते लावल्याबरोबर पिवळ्याचं तांबडं होईल. घाबरू नकोस. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातलाच हा प्रकार. नीट धुऊन काढ. मग फार्मसीतलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि खायचा सोडा यांची पेस्ट फटींवर लाव, अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घास. थोडं पिवळं उरेलच. हळदीचा डाग उन्हात उडतो, पण गॅसमागच्या भिंतीवर ऊन आणायचं कुठून? ग्राउटलाही व्हिनेगर नको, आम्ल सिमेंट खातं. आणि ब्लीच वापरणार असशील तर त्याच्या आसपास अमोनिया किंवा व्हिनेगर येता कामा नये. विषारी वायू होतो.

दोन-तीन दिवस वाळू दे. मग फटींवर छोट्या ब्रशने सीलर फिरव आणि टाइलवर आलेला पाच-दहा मिनिटांत पूस. टाइलला ग्लेझ आहे, तिच्यात तो मुरत नाही, वर डाग होऊन बसतो.

माझं मत विचारशील तर गॅसमागे हे सगळं करण्यापेक्षा ग्राउट कलरंट लाव. त्यात रंग आणि सील एकत्रच असतात. आणि कृपा करून पांढरा घेऊ नकोस. आपल्या स्वयंपाकघरात पांढरं ग्राउट ठेवायचं म्हणजे रोजचा वैताग. करडा घे.

बाथरूमचं सीलिंग त्या माणसाच्या आकड्यातून वगळायला सांग. ग्राउट सील केल्याने शॉवर वॉटरप्रूफ होत नाही. पाणी जातं ते कोपऱ्यांतून आणि टबाच्या कडेने, कारण तिथे दोन पृष्ठं वेगवेगळी हलतात आणि ग्राउटला तडा जातो. ते खरवडून सिलिकोन भर. तिथे खर्च झाला तर तो कामाचा.


प्रेषक: प्रिया, ॲन आर्बर

काका, तुमचं सगळं पटलं, एक सोडून. "फ्लोरिनवाली रसायनं" तुम्ही एका ओळीत उरकलीत. तीच ती पीफास (PFAS), निसर्गात सहजी न विरणारी. आमच्या गावाचं बहुतेक पाणी ह्युरॉन नदीचं. २०१८ मध्ये तिच्यातले मासे खाऊ नका असा इशारा निघाला तो याच रसायनांमुळे, आणि २०२० पासून मिशिगनने पिण्याच्या पाण्यात त्यांतल्या ७ रसायनांवर मर्यादा घातली. इपीएने (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने) २००९ मध्ये बाजारातल्या ११६ वस्तू तपासल्या होत्या, त्यांत दगड-लाकडाचे सीलरही होते. एक ओटा सील केल्याने कुणी आजारी पडेल असं मी म्हणत नाही. पण उरलेला सीलर सिंकमध्ये ओततात, कापडं धुतात, ते पाणी शेवटी कुठे जातं? फ्लोरिनशिवायचेही सीलर आता मिळतात.


प्रेषक: नानाकाका, ट्रॉय

प्रिया, मुद्दा रास्त आहे. पण फ्लोरिनशिवायचे सीलर तेल तितकं अडवत नाहीत, हेही मेधाला माहीत असावं. म्हणजे तेल सांडलं तर रात्रभर राहू द्यायचं नाही, लगेच पुसायचं. घरात पुसणारं माणूस असेल तर तो घ्यावा. नाहीतर तेलवाला घ्यावा, लहानात लहान बाटली घ्यावी आणि उरलेला सीलर आणि कापडं काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवशी नेऊन द्यावीत. सिंकमध्ये नाही. माझी सगळी नोकरी मोटारींच्या रंगाच्या कामात झाली. आम्ही काय काय सिंकमध्ये ओतायचो ते इथे लिहीत नाही.


प्रेषक: मेधा, नोव्हाय

काका, पाणी ठेवून बघितलं. सिंकजवळ पाच मिनिटांत गडद झालं, गॅसजवळ जरा उशिरा, आणि स्वयंपाकघराच्या मधल्या बेटावर, म्हणजे आयलंडवर (तोच दगड!) काहीच नाही. बेट आधी कुणीतरी सील केलेलं दिसतंय. लिंबाने काही झालं नाही. ग्राउट सिमेंटचंच. क्लीनर मारल्यावर खरंच तांबडं झालं, मुलगी ओरडली, "आई, भिंतीतून रक्त!"

आम्ही प्रियाचं ऐकून फ्लोरिनशिवायचा घ्यायचं ठरवलंय. पुसणारं माणूस कोण यावर घरात चर्चा चालू आहे. आता प्रश्न तेलाच्या गोल डागाचा. तो सीलरखाली कायमचा राहणार का?


प्रेषक: नानाकाका, ट्रॉय

राहील, म्हणून आधी तो ओढून काढ. खायचा सोडा ॲसिटोनमध्ये कालव, पीनट बटरइतका दाट. गॅस बंद, एक्झॉस्ट फॅनही आधीच बंद करून ठेव, खिडकी उघडी, थंडी सोस. डागावर पाऊण सेंटीमीटर थर दे, डागाच्या कडेबाहेरही थोडा. वर प्लास्टिकची फिल्म घालून कडा टेपने चिकटव. चोवीस तासांनी फिल्म काढ आणि लगेच खरवडू नकोस, लेप पूर्ण वाळू दे. तेल वर येतं ते वाळताना. मग प्लास्टिकच्या उलथन्याने काढून पूस. एकदा करून डाग फिका होईल, जाणार नाही. जाईपर्यंत करत राहा.

बेटाला सीलर लावू नकोस, ते पीत नाही. फक्त सिंकपासून गॅसपर्यंतचा भाग कर. त्याला एक छोटी बाटली पुरेल, मोठी आणू नकोस. आणि बरणीखाली ताटली ठेव.