जिन्याचे ग्रिल कोरडे घासू नका (बी विंग, नौपाडा)

मृणाल (203): सेक्रेटरी काका, जिन्याचे ग्रिल कोरड्या पॉलिशपेपरने घासतायत. पार्किंगपर्यंत पिवळट भुकटी पसरलीय. अद्वय त्यातच गाडी-गाडी खेळत होता, तेच हात तोंडात. बिल्डिंग 1984 ची, तेव्हाच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. काम थांबवता येईल का?

सेक्रेटरी: पावसाच्या आत रंग उरकायचाय ताई. संध्याकाळी वॉचमनला झाडून घ्यायला सांगतो.

स्नेहा (402): झाडू नका हो! अजून उडेल. ओल्या फडक्याने पुसा.

मोहन काका (101): आमची मुलं याच जिन्यात वाढली. आमचा संजू ग्रिलचे पोपडे सोलत बसायचा, आज इंजिनिअर आहे 😀

स्नेहा (402): काका, संजूदादा हुशारच आहे. पण शिशाचं नुकसान एकेका मुलाकडे बघून कळत नाही. बुद्ध्यांक थोडा घसरतो, लक्ष लागत नाही, आणि आपण म्हणतो पोरगं धांदरट आहे. शरीर शिशाला कॅल्शियम समजतं, म्हणून ते हाडांत जाऊन वर्षानुवर्षं बसतं. गरोदरपणी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं तेव्हा हेही निघून पोटातल्या बाळापर्यंत जातं. लहान मुलं गिळलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात, लोह कमी असेल तर आणखी. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या प्रदूषणावर काम करणाऱ्या संस्थेचा 2020 चा अहवाल होता, जगातल्या साधारण दर तिसऱ्या मुलाच्या रक्तात डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं. म्हणजे 80 कोटींपर्यंत मुलं, त्यात 27 कोटींवर आपली. आणि डब्ल्यूएचओच्या मते अमुक इतकं चालेल असा आकडाच नाही.

मोहन काका (101): मोठ्यांना तर काही नाही ना?

स्नेहा (402): बीपी वाढतं. 2023 मध्ये लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात अंदाज आला होता, 2019 या एका वर्षात जगभर शिशापायी हृदयविकाराने 55 लाख मृत्यू. अंदाजच आहे, पण निम्मा धरला तरी छाती दडपते.

मोहन काका (101): 🙏

विनय (301): पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे 2000 मध्येच गेलं की. शेवटी राहिलेल्या अल्जीरियानेही 2021 मध्ये बंद केलं. मग आता येतं कुठून?

स्नेहा (402): जुन्या बॅटऱ्या. इन्व्हर्टरची बॅटरी जास्त पैसे देणाऱ्या भंगारवाल्याला दिली की ती कुठेतरी उघड्यावर फोडून वितळवतात. तिथल्या पोरांच्या नाकातोंडात तीच माती. शिवाय भेसळ. बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळायचे. 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत सापडलं, मग सरकारने मनावर घेतलं आणि 2021 मध्ये शून्य!

जोशी काकू (102): आणि गेटजवळच्या मारुतीचा शेंदूर गं?

स्नेहा (402): खरा शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, काकू. देवाला लावा, पण पोरांच्या हाताला नको. लावून झाला की साबणाने हात धुवा.

सेक्रेटरी: मग नवीन रंगाचं काय करायचं?

विनय (301): घरगुती रंगात 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर शिसं नको असा 2016 चा नियम आहे, नोव्हेंबर 2017 पासून लागू. पण इंडस्ट्रियल पेंट त्यात येत नाही. स्वस्त पडतो म्हणून कंत्राटदाराने तो आणला नाही ना, ते बघा. डब्याचा फोटो टाका.

सेक्रेटरी: टाकतो. कंत्राटदाराशी बोललो. उद्यापासून वॉटरपेपर वापरून पाणी मारत घासेल, खाली प्लास्टिक अंथरेल. दोन दिवस जास्त लागतील म्हणतो. त्याच्या माणसांनाही मास्क द्यायला सांगितलंय, ती बिचारी तर दिवसभर त्यातच असतात.

मृणाल (203): थँक्यू काका. स्नेहा, अद्वयची रक्ततपासणी करू का?

स्नेहा (402): डॉक्टरांना विचारून कर. शिशासाठी वेगळी टेस्ट असते, नेहमीच्या सीबीसीत दिसत नाही.

जोशी काकू (102): अगं पण आज सकाळी गच्चीच्या दाराचं ग्रिल घासलं ना त्याने? शेजारीच माझ्या कुरडया वाळत होत्या.

स्नेहा (402): झाकल्या होत्या का?

जोशी काकू (102): कुरडया कोण झाकतं गं उन्हात.

स्नेहा (402): मग टाकून द्या काकू.

जोशी काकू (102): तीन दिवस गहू भिजवले होते.