खिचडी ताटात उरते आणि खेळाचा तास कागदावरच राहतो. पालक समितीने सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : पालक सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती

नमस्कार. माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत शिकते. शाळा पहिली ते सातवीपर्यंतची असून पटसंख्या १४० आहे. पाचवीपर्यंत ९० मुले आणि सहावी-सातवीत ५०. या वर्षी माझी समितीवर निवड झाली आणि आहाराच्या वेळी हजर राहण्याची पाळी माझ्याकडे आली, तेव्हा सलग दोन आठवडे जे पाहिले ते येथे मांडते आहे.

दुपारी एकच्या सुट्टीत मुले ताट घेऊन ओळीत बसतात आणि पाच-सहा मिनिटांत उठतात, कारण जो आधी उठेल त्याच्या हातात चेंडू जातो. खिचडीतील भाजीचे तुकडे ताटाच्या कडेला सारलेले असतात आणि ते बादलीत जातात. त्यानंतर पंधरा मिनिटांतच तीच मुले फाटकासमोरच्या दुकानातून पाच रुपयांचे वेफरचे पाकीट घेऊन येतात, म्हणजे भूक भागलेली नसते. शारीरिक शिक्षणाच्या तासिका वेळापत्रकात आहेत, परंतु त्यांतील बहुतेक गणिताच्या सरावाकडे वळवल्या जातात, आणि याबद्दल केवळ शिक्षकांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की पालकच बैठकीत उठून "खेळ नंतर होतील" असे सांगतात.

समितीकडे स्वतंत्र पैसा नाही. शिक्षक चांगले आहेत, स्वयंपाक करणाऱ्या ताई मनापासून राबतात, मैदानही आहे. असे असताना नेमके काय आधी बदलावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक, सोलापूर जिल्हा

ताई, आपण पाळी नेमाने पार पाडली आणि पाहिलेले लिहून काढले, हीच सुरुवात आहे. मी नोकरीत असताना १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषण आहाराची ही योजना सुरू झाली, तेव्हा आम्ही शिजवलेले अन्न देत नव्हतो. ज्या मुलाची महिन्याची हजेरी ८० टक्के भरेल त्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मोजून देत होतो. तो तांदूळ घरातील सर्वांच्या पातेल्यात जाई, आणि त्यात काही गैरही नव्हते, पण मुलाच्या पोटात किती गेला हे कळत नसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले गरम जेवणच दिले पाहिजे असा आदेश दिला आणि मग चुली पेटल्या. हे मुद्दाम आठवतो, कारण ताटातले अन्न बादलीत जाते तेव्हा आपण पुन्हा त्याच ठिकाणी येतो: धान्य पोहोचले, मूल उपाशीच राहिले.

आता आपल्या शाळेचा हिशेब करू. प्राथमिक वर्गातील मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरलेले आहे. सहावीपासून पुढे ते १५० ग्रॅम, ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम आणि साडेसात ग्रॅम होते. यातून लहानांना ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर मोठ्यांना ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. सर्व मुले हजर असतील त्या दिवशी आपल्या पातेल्यात साडेसोळा किलो तांदूळ, तीन किलो तीनशे ग्रॅम डाळ आणि सव्वाआठ किलो भाजी पडायला हवी. पुढच्या पाळीला तराजू मागून भाजी तेवढी वजन करून पाहा. कोणाला पकडण्यासाठी नव्हे. ताईंनाही आकडा माहीत नसतो, आणि सव्वाआठ किलो भाजी म्हणजे केवढा ढीग होतो हे एकदा डोळ्यांनी दिसले की पुढची चर्चा आपोआप खरी होते.

दुसरे, माझ्या शाळेत मी सुट्टीचा क्रम उलटा केला होता. आधी वीस मिनिटे खेळ, मग हातपाय धुणे, मग पंगत. जेवणानंतर खेळ असला की मूल घास कोंबून पळते. खेळ झालेला असला की त्याला कुठे पळायचे नसते आणि भूकही कडकडून लागलेली असते. शिक्षकांनी पंगतीत मुलांबरोबर बसून जेवावे. जेवणाआधी चव घेऊन नोंदवहीत सही करणे हा नियमच आहे, पण सहीपुरती चमचाभर चव घेणे आणि मुलांशेजारी मांडी घालून जेवणे यांत फार अंतर आहे. ज्या दिवशी आम्ही बसलो, त्या दिवशी मीठ कमी आहे हे आम्हाला पहिल्या घासाला कळले.

उत्तर २ : शारीरिक शिक्षण शिक्षिका

तासिका वळवली जाते ही वेदना माझी रोजची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलाने दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करायला हवी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारे खेळ, म्हणजे उड्या, चढणे, धावणे, त्यात असावेत. शाळेने यातील निम्मा वाटा उचलला तरी पुष्कळ झाले. परंतु तासिका मिळाली म्हणजे हालचाल झाली, असे मात्र समजू नये. चाळीस मुले आणि एक चेंडू अशी तासिका मी पाहिली आहे. त्यात दहा-बारा मुले धावतात आणि बाकीची आपल्या पाळीची वाट पाहत उभी राहतात. समितीतल्या कोणीतरी एकदा मैदानाच्या कडेला बसून, दर पाच मिनिटांनी किती मुले प्रत्यक्ष हलत आहेत एवढेच मोजावे.

खो-खोला २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद मैदान, दोन खांब आणि चुन्याची फक्की लागते. आठ जण बसलेले, एक पाठलाग करणारा, तिघे पळणारे, आणि क्षणाक्षणाला बसलेला उठतो. लहान वर्गांसाठी लंगडी तर सर्वांत स्वस्त आणि पायांसाठी उत्तम. परिपाठाला जोडून दहा मिनिटे लेझीम घेतली, तर संपूर्ण शाळा एकाच वेळी हलते आणि कोणी बाहेर बसत नाही. लगोरीसाठी चपटे दगड मुलेच गोळा करून आणतात.

आता जे मला सर्वांत तळमळीने सांगायचे आहे ते. सहावी-सातवीला आल्यावर मुली मैदानातून हळूहळू नाहीशा होतात. त्यांना खेळायचे नसते असे नाही. गणवेशाच्या स्कर्टमध्ये पळता येत नाही, स्वच्छतागृहात पाणी नसते, आणि मैदानाचा मधला भाग क्रिकेटने व्यापलेला असतो. खेळाच्या दिवशी सलवार किंवा पँट घालण्यास परवानगी, स्वच्छतागृहात बादलीभर पाण्याची हमी आणि आठवड्यातील दोन दिवस मधले मैदान केवळ मुलींना, हे तीन निर्णय समितीच्या एका बैठकीत होऊ शकतात आणि त्यांना पैसे लागत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले, आणि महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे व पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर हे दोघेही महाराष्ट्राचे खेळाडू आहेत. हे मुलींना सांगा, आणि पालक सभेत तर नक्कीच सांगा.

आणखी एक विनंती आहे. गृहपाठ केला नाही म्हणून खेळ बंद, किंवा दंगा केला म्हणून मैदानाला दहा फेऱ्या, या दोन्ही शिक्षा थांबवाव्यात. पहिलीमुळे खेळ हे बक्षीस ठरते आणि दुसरीमुळे धावणे ही शिक्षा ठरते.

उत्तर ३ : आहारतज्ज्ञ, ग्रामीण रुग्णालय

सरांच्या अनुभवाचा आदर राखून एका बाबतीत सावध करावेसे वाटते. आधी खेळ आणि मग जेवण हा क्रम ज्या मुलाने सकाळी भाकरी खाल्ली आहे त्याच्यासाठी उत्तम आहे. परंतु वाड्या-वस्त्यांवरून चालत येणारी कितीतरी मुले सकाळी केवळ चहा आणि दोन बिस्किटे घेऊन निघतात. अशा मुलाला दुपारी एक वाजता उन्हात पळवले तर त्याला घेरी येईल. म्हणून आधी एका सकाळी प्रत्येक वर्गात हात वर करायला न लावता, एकेकाला जवळ बोलावून, "आज काय खाऊन आलास?" एवढे विचारावे. उपाशी येणाऱ्यांची संख्या मोठी असेल तर सकाळी अकराच्या छोट्या सुट्टीत मूठभर फुटाणे किंवा गुळाबरोबर शेंगदाणे देण्याची व्यवस्था लोकसहभागातून करावी. शेंगदाणे ज्याला सोसत नाहीत अशा मुलाची नोंद मात्र आधी घ्यावी. ही सोय झाल्यावर सरांचा क्रम निर्धास्तपणे अमलात आणावा, आणि तोही झाडाच्या सावलीच्या बाजूला.

ताटाबद्दल सांगायचे तर आमच्याकडे तपासणीत सर्वाधिक दिसतो तो रक्तक्षय. डाळी, कडधान्ये आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याबरोबर आंबट काही असेल तर शोषण वाढते, आणि जेवणाला लागून चहा घेतला तर घटते. पंगतीत लिंबाची फोड वाढणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त उपाय आहे. मोड आलेल्या मटकीनेही चव आणि पोषण दोन्ही वाढतात. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी जेवणानंतर, शिक्षकांच्या समोर घेतली जावी, आणि १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला गैरहजर राहिलेल्या मुलांना गोळी नंतर आठवणीने द्यावी; जंत असलेल्या मुलाला दिलेले अन्न पूर्णपणे त्याच्या अंगी लागत नाही.

अंड्याविषयी मतभेद असतात हे मला माहीत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि जे खात नाहीत त्यांना केळे, असा निर्णय राज्यात झाला होता; जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि लोकसहभागाचा मार्ग सुचवला. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे लहान मुलासाठी ठरलेल्या आहारातील प्रथिनांच्या निम्मी. जेथे पालकांची हरकत नाही तेथे ही सोय गावाने चालू ठेवावी, असे मी आग्रहाने म्हणेन. जेथे हरकत आहे तेथे नाचणी आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पण नाचणीसत्त्व प्रथिनांची जागा भरून काढत नाही, तेव्हा त्या दिवशी उसळ वाढवावी.

आणि कृपया मुलांची वजने सर्वांसमोर मोठ्याने वाचू नयेत. बारीक मूल असो वा जाड, चिडवण्याला तेथूनच सुरुवात होते.

उत्तर ४ : स्वयंपाकी ताईंची मुलगी

माझी आई चौदा वर्षे शाळेत स्वयंपाक करते. वर सर्वांनी योग्य लिहिले आहे, परंतु सव्वाआठ किलो भाजी निवडणे, धुणे आणि चिरणे हे काम किती हातांचे आहे, हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. नियमानुसार २५ मुलांपर्यंत एक, १०० पर्यंत दोन आणि त्यापुढे प्रत्येक १०० पर्यंतच्या वाढीव मुलांमागे आणखी एक स्वयंपाकी-मदतनीस असते. १४० पटाला तिघी हव्यात. आपल्या शाळेत किती आहेत ते आधी पाहावे. आमच्याकडे बराच काळ आई एकटी होती आणि भाजीचे पैसे उशिरा येत, तेव्हा ती स्वतःच्या घरचा दुधी नेऊन टाकत असे.

भाजीचे मोठे तुकडे मुले वेचून काढतात. आईने दुधी, लाल भोपळा आणि गाजर किसून डाळीतच शिजवायला सुरुवात केली आणि शेवग्याचा पाला फोडणीत कुरकुरीत करून घातला, तेव्हापासून कडेला सारण्यासारखे काही उरले नाही. मोठी किसणी समितीने घेऊन द्यावी. परसबाग करणार असाल तर पहिल्याच पावसात शेवग्याच्या दोन फांद्या लावाव्यात. त्याला फारशी राखण लागत नाही.

प्रश्नकर्त्या पालकांचे प्रत्युत्तर

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. शाळेत चौकशी केली. आपल्याकडे दोघीच ताई आहेत. तिसऱ्या जागेसाठी मुख्याध्यापकांनी अर्ज लिहायला घेतला आहे. शुक्रवारी तराजूवर भाजी मोजली, तर ती पावणेतीन किलो भरली. ताई स्वतःच म्हणाल्या की एवढ्यापेक्षा जास्त चिरून होत नाही. किसणी आणली आहे.

सकाळी काय खाल्ले हे दोन वर्गांत विचारून झाले आणि आहारतज्ज्ञ ताईंची शंका खरी ठरली: ४१ पैकी १६ मुले केवळ चहा घेऊन आली होती. त्यामुळे सुट्टीचा क्रम बदलण्याआधी फुटाण्यांची सोय करत आहोत. दोन शेतकरी पालकांनी हरभरा देऊ केला आहे. मुलींसाठी मंगळवार आणि शुक्रवार हे मैदानाचे दिवस ठरले.

एका बाबतीत अजून सल्ला हवा आहे. फाटकासमोरचे दुकान आमच्याच शाळेतील एका मुलाची आई चालवते आणि तिचे घर त्यावर चालते.

उत्तर १ चे लेखक पुन्हा

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात, तसेच फाटकापासून ५० मीटरच्या आत शाळकरी मुलांना विकता येत नाहीत. तंबाखूच्या १०० यार्डांचा फलक गावोगावी दिसतो, ही ५० मीटरची अट मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. नियम तिला जरूर सांगावा, पण तक्रार अर्ज घेऊन जाऊ नये. फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, पेरू, बोरे, भाजलेले कणीस असे पाच-दहा रुपयांचे जिन्नस तिने ठेवावेत, आणि अकराच्या सुट्टीसाठी पालकांनी दिलेला हरभरा भाजून देण्याचे काम समितीने मोबदला देऊन तिच्याकडेच सोपवावे. तिचा मुलगाही त्याच पंगतीत बसतो ना?