घरमालकाने बाँड स्वतःकडे ठेवणं : 'आपल्यातलंच आहे' म्हणून चालवून घ्यायचं का?

हॅमिल्टनकर

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने नुकतंच भाड्याचं घर सोडलं. भाडं आठवड्याला ६२० डॉलर, म्हणजे चार आठवड्यांचा बाँड (घर सोडताना परत मिळायची अनामत रक्कम) २,४८०. घरमालक मराठीच. दोन वर्षांपूर्वी पैसे घेताना म्हणाला, "सरकारी फॉर्म कशाला भरत बसायचे, आपल्यातलंच आहे." पावती दिली नाही, आणि यांनीही संकोचाने मागितली नाही. आता चाव्या देऊन पाच आठवडे झाले. फोन केला की एकच उत्तर : "कार्पेटवाल्याचं कोटेशन येऊ दे, मग बघू."

न्यूझीलंडचा कायदा याबाबत अगदी सरळ आहे. १९८६च्या रेसिडेन्शियल टेनन्सीज अ‍ॅक्टप्रमाणे बाँड घेतला की घरमालकाने पावती द्यायची आणि कामकाजाच्या २३ दिवसांत ती रक्कम टेनन्सी सर्व्हिसेस या सरकारी सेवेकडे भरायची. भरली नाही तर टेनन्सी ट्रिब्युनल (भाड्याच्या वादांचं न्यायाधिकरण) त्याला दीड हजार डॉलरपर्यंत भुर्दंड लावू शकतं. घर सोडताना दोघांची संमती असेल तर पैसे सुटतात, नसेल तर ट्रिब्युनल ठरवतं.

माझं म्हणणं एवढंच की ते पैसे घरमालकाचे नाहीतच. ते त्याच्या खात्यात राहिले की वाद सुरू होण्याआधीच निकाल त्याच्या बाजूने लागलेला असतो. इथल्या आपल्या घरमालकांनी तरी ही 'ओळखीतली' पद्धत बंद करावी.

दोन_घरांचे_हप्ते

मी घरमालक आहे आणि बाँड वेळेत भरतो, त्यामुळे त्या गृहस्थांची बाजू घेत नाही. पण बाँड सरकारकडे ठेवायची ही पद्धत घरमालकावर अन्याय करते असं माझं मत आहे.

माझे आधीचे भाडेकरू तीन आठवड्यांचं भाडं थकवून गेले. आत गेलो तर रेंजहुडची (शेगडीवरच्या चिमणीची) जाळी तेलाने इतकी चिकटलेली की बोटाने ओढली तरी निघेना, आणि मागच्या खोलीच्या दाराला लाथेएवढं भोक. बाँडमधले तीन आठवडे थकबाकीतच गेले. उरलेल्या एका आठवड्याच्या पैशांत दार, साफसफाई आणि कचरा उचलून न्यायचं सगळं बसवायचं होतं. त्यातही समोरचा सही करायला तयार नाही, म्हणून ट्रिब्युनलची तारीख येईपर्यंत थांबा. तोवर हप्ता थांबतो का? बँक माझं ऐकत नाही.

आणि या सगळ्या बाँडच्या रकमेवरचं व्याज ना मला मिळत, ना भाडेकरूला. ते सरकार वापरतं.

माहेर_नाशिक

दादा, तुमचं नुकसान खरं आहे, त्याबद्दल वाईट वाटतं. पण नीट बघा, तुमची तक्रार चार आठवडे कमी पडतात ही आहे. पैसे कुणाकडे असावेत हा प्रश्नच वेगळा. बाँडचे पैसे तुमच्या खात्यात असते तर दाराचं भोक लहान झालं असतं का? थकबाकी तेवढीच राहिली असती. फरक एवढाच पडला असता की सहीसाठी तुम्ही थांबण्याऐवजी भाडेकरू थांबले असते.

व्याजाचं म्हणाल तर ते टेनन्सी सर्व्हिसेस आणि ट्रिब्युनल चालवायला लागतं. ज्या ट्रिब्युनलकडे तुम्ही गेलात, त्याच्याच खर्चाला.

माझा अनुभव सांगते. आमच्या ओट्याच्या पांढऱ्या लॅमिनेटवर हळदीचा डाग पडला होता, वाटीच्या बुडाएवढा गोल. लिंबू, सोडा, ऊन, सगळं करून झालं. घरमालकीणबाईंनी अख्खा ओटा बदलायचा खर्च मागितला. बाँड सरकारकडे होता म्हणून मी सही केली नाही. घर घेतानाचा तपासणी अहवाल काढला, फोटो काढले. ओटा बारा वर्षांचा, कडेने फुगलेला, हे अहवालातच होतं. जुन्या वस्तूची नव्या वस्तूएवढी भरपाई ट्रिब्युनल देत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. शेवटी ८० डॉलरवर मिटलं. डाग माझा होता, ते ८० मी आनंदाने दिले. पैसे त्यांच्या खात्यात असते तर मी आजही फोन करत बसले असते.

कोथरूड_भाड्याने

पुण्यातून लिहितोय. इथे तिसरा कुणी नाहीच. डिपॉझिट सरळ मालकाच्या खात्यात जातं आणि घर सोडताना 'पेंटिंगचे' म्हणून एक महिन्याचं भाडं कापतात, भिंती कशाही असोत. मी तीन घरं सोडली, तिन्ही वेळा हेच.

एक गोष्ट मला फार लागते. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवताना मुद्रांक शुल्क काढतात, तेव्हा परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात आणि एकूण रकमेवर ०.२५ टक्के घेतात. म्हणजे त्या पैशांचा लाभ मालकाला होतो हे सरकारला मान्य आहे. पण ते पैसे कुठे आहेत, परत केले का, हे कुणी विचारत नाही. २०२१च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरार कायद्यात घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण रक्कम मालकाकडेच. आणि तो लागू करायचा की नाही हे राज्यांवर सोडलेलं.

दोन_घरांचे_हप्ते

ताई, पहिला मुद्दा मान्य. रक्कम अपुरी हेच माझं मूळ दुखणं. तरी सांगतो, निष्काळजीपणाने झालेल्या नुकसानीची भाडेकरूची जबाबदारीही कायद्याने चार आठवड्यांच्या भाड्यापर्यंत किंवा विम्याच्या एक्सेसपर्यंत (दाव्यातला मालकाने स्वतः भरायचा भाग), यातलं जे कमी असेल तेवढीच ठेवली आहे. एक घर भाड्याने देऊन स्वतःचे हप्ते भरणाऱ्या माणसाचा विचार यात कुठे केलाय, मला दिसत नाही. पद्धत ठेवा, पण तारखा लवकर द्या.

पहिलं_सेमिस्टर

मी ऑकलंडला एका मराठी कुटुंबाच्या घरात खोली घेऊन राहते. ते वरच्या मजल्यावर राहतात. बाँड म्हणून हजार डॉलर दिलेत. मला पावती मागता येईल का?

हॅमिल्टनकर

पावती जरूर मागा, आजच. पण हे समजून घ्या की घरमालक किंवा त्याचं कुटुंब त्याच घरात राहत असेल तर हा कायदा सहसा लागू होत नाही. २३ दिवसांचं बंधन नाही, टेनन्सी ट्रिब्युनलही नाही. वाद झालाच तर डिस्प्युट्स ट्रिब्युनलकडे, म्हणजे छोट्या दाव्यांच्या न्यायाधिकरणाकडे, जावं लागतं. तुमच्यासारख्या नवीन मुलांना कागद सगळ्यात जास्त लागतो आणि हक्काने मागायची सोयच नाही. म्हणून रक्कम, तारीख, आणि कशासाठी कापता येईल हे दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या. खोलीचे फोटो त्याच दिवशी स्वतःला ईमेल करा.

दोन_घरांचे_हप्ते, तारखा लवकर मिळाव्यात याला माझा पूर्ण पाठिंबा. रोखून धरलेली भाडेकरूची रक्कमही त्याच रांगेत असते.

त्या जोडप्याचं सांगतो. पावती नसली तरी बँकेच्या नोंदीत २,४८० आणि समोर 'बाँड' असा शब्द सापडला. अर्ज करायला ती तयार आहे, तो नाही. दोन्ही घरांतली मुलं एकाच मराठी शाळेत जातात, दर शनिवारी तोंड दाखवावं लागतं, असं तो म्हणतो. ती म्हणाली, "तोंड त्यांनी चुकवायला हवं." रविवारी दोघं माझ्याकडे येणार आहेत. सहसा वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. लॅपटॉप तयार ठेवतोय.