अनुभव धागा : निधीचे प्रस्ताव आणि सुट्ट्यांचं कॅलेंडर

सातारा-सांगली भागात संस्था, महाविद्यालयं, ग्रामपंचायती यांच्यासाठी निधीचे प्रस्ताव करणाऱ्या सगळ्यांना आवाहन. सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी) असो, सरकारी योजना असो की परदेशी निधी, प्रस्ताव लिखाणावर क्वचित अडतो. तो अडतो एका सहीवर, आणि ती सही सुट्टीत अडकलेली असते. कुठला कागद, किती दिवस लागतात, कुठे अडतो आणि का, एवढं आपलं गाव आणि काम वर देऊन खाली लिहा. किस्से नकोत, हिशेब हवा.

सुरुवात मी करते. मुदतीपासून मागे मोजताना नुसते दिवस मोजू नका, सह्या मिळण्याचे दिवस मोजा. 2026 ची दिवाळी घ्या. समजा शेवटची तारीख सोमवार, 16 नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन रविवारी 8 ला, पाडवा मंगळवारी 10 ला, भाऊबीज बुधवारी 11 ला. मधला सोमवार कामाचा धरू नका. गुरुवार-शुक्रवारी कुलूप निघतं, पण सही करणारे गावाला गेलेले असतात. 14 ला दुसरा शनिवार, बँक बंद. लक्ष्मीपूजनाच्या आधी शुक्रवारी 6 ला धनत्रयोदशी, त्या दिवशी गिऱ्हाइकं सोडून दरपत्रकावर शिक्का मारायला कुठलाच दुकानदार बसत नाही. म्हणजे 16 ची मुदत प्रत्यक्षात गुरुवारी 5 नोव्हेंबरला संपते.

दुसरं, मागच्या वर्षीचं वेळापत्रक नुसत्या तारखा बदलून वापरू नका. तिथीचे सण साधारण 11 दिवस अलीकडे येत राहतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. गणेश चतुर्थी 2025 ला 27 ऑगस्टला, 2026 ला अधिक ज्येष्ठामुळे 14 सप्टेंबरला.

म्हसवड, पाणलोटाची कामं

ताई, आमच्याकडे उलटा प्रकार आहे. सुट्टी हाच आमचा कामाचा दिवस. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ग्रामसभांच्या ठरलेल्या तारखा, आणि ठराव नसेल तर पाणलोट, शाळा, पाणीपुरवठा, कुठलाच प्रस्ताव पुढे सरकत नाही. एक तारीख चुकली की दीड ते चार महिने गेले. विशेष ग्रामसभा लावता येते, पण त्यासाठी सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) दोघंही राजी हवेत.

सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. 2026 ला 2 ऑक्टोबर शुक्रवारी आहे, म्हणजे नोटिशीचा दिवस 25 सप्टेंबर, आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. गावातलं कुणी त्या दिवशी नोटीस लावत बसणार नाही, म्हणून ती 23 लाच फलकावर लागली पाहिजे. तुमचा विषय नोटिशीत छापला गेला का, हे स्वतः वाचून पाहा. "ऐनवेळच्या विषयात घेऊ" यावर विसंबू नका, त्या ठरावावर पुढे हरकत येते. सभेनंतर शनिवार-रविवार आहे, त्यामुळे ठरावाची नक्कल सोमवारी 5 ऑक्टोबरच्या आत मिळत नाही.

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी तो. जत-आटपाडीकडे दसऱ्यानंतर माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात, मग 26 जानेवारीच्या सभेला शंभर डोकी जमवणं जड जातं. ज्या ठरावाला गर्दी हवी तो 15 ऑगस्टलाच घ्या.

नक्कल हातात आली की तिथेच उभं राहून तपासा : ठराव क्रमांक, सभेची तारीख, सूचक, अनुमोदक, सरपंच आणि ग्रामसेवकांची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. जावक क्रमांक सर्रास राहतो. ठरावात नुसतं "पाणलोटाची कामे करणे" लिहिलेलं असेल तर तो निरुपयोगी समजा. गट नंबर, वाडीचं नाव, कामाचा प्रकार आणि "देखभाल ग्रामपंचायत करेल" हे वाक्य लागतं. मसुदा आपणच टाइप करून आठ दिवस आधी ग्रामसेवकांकडे द्यावा.

सांगली, हिशेब आणि लेखापरीक्षण

विश्वस्त संस्थांचं लेखापरीक्षण वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत व्हायला हवं. निधी देणारे तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागतात, आणि ऑक्टोबरच्या प्रस्तावात तिसरं वर्ष नुकतंच संपलेलं असतं. 2026 ला गणपती 14 ते 25 सप्टेंबर, त्यानंतर महिनाअखेरीला उरतात जेमतेम तीन कामाचे दिवस, आणि सीए कार्यालयात तेव्हा सगळ्याच संस्थांचे गठ्ठे पडलेले. म्हणून हिशेबाची पुस्तकं 15 जुलैला सीएंकडे आणि कच्चा ताळेबंद 31 ऑगस्टला आपल्या हातात, हे नक्की करून टाका. सही झाल्यावर 60 दिवसांत यूडीआयएन, म्हणजे सीएंच्या सहीच्या कागदाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. तो नसलेला अहवाल निधीदात्याकडून परत येतो, तेव्हा पीडीएफ घेतानाच अंक-अक्षरं मिळून 18 चिन्हांचा तो क्रमांक पाहा.

विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्ज 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल हवा. प्रस्तावावर सही करणाऱ्याचं नाव परिशिष्ट एकच्या (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीच्या) उताऱ्यात नसेल, तर नवा अध्यक्ष कितीही कामाचा असला तरी त्याची सही चालत नाही. प्रमाणित उतारा मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवा.

आणि डिजिटल सही. सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं) कपाटात, किल्ली खजिनदारांकडे, आणि ओटीपी जातो अध्यक्षांच्या मोबाइलवर, जे सुट्टीत रेंज नसलेल्या गावी. सणाआधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी टोकन लॅपटॉपला लावून एका कोऱ्या पीडीएफवर सही करून पाहावी. मुदत संपलेलं टोकन तेव्हाच कळतं आणि नवं काढायला वेळ मिळतो.

सातारा, केंद्र सरकारच्या योजना

राज्याची सुट्ट्यांची यादी आणि केंद्राची यादी एक नाही. 19 फेब्रुवारी आणि 1 मे या दिवशी आपल्याकडे सगळं बंद, दिल्लीतलं मंत्रालय एरवी चालू (2026 ला 1 मे रोजी बुद्ध पौर्णिमा, म्हणून तिथेही सुट्टी). त्रुटीचं पत्र नेमकं त्या दिवशी ईमेलवर येतं आणि उत्तराचे दिवस तिथूनच मोजले जातात. संस्थेच्या ईमेलचा पासवर्ड दोघांकडे असावा आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी एकाने पेटी उघडावी.

"शेवटच्या दिवशी सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी चालतं" यावर लोक फार भिस्त ठेवतात. जनरल क्लॉजेस ॲक्ट 1897 च्या कलम 10 मध्ये तशी तरतूद आहे, पण ती कायद्याने ठरवलेल्या मुदतीत न्यायालयात किंवा कार्यालयात करायच्या गोष्टींसाठी. निधीदात्याच्या जाहिरातीतली मुदत त्यात बसत नाही, आणि पोर्टल तर रविवारीही ठरल्या मिनिटाला बंद होतं.

जिल्हाधिकारी जाहीर करतात त्या स्थानिक सुट्ट्या छापील कॅलेंडरमध्ये नसतात. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या वेगळ्या. जोडप्रकल्प असेल तर दोन्ही परिपत्रकं जानेवारीतच मिळवा.

वाई, परदेशी निधी

ब्रसेल्सची संध्याकाळी 5 ची मुदत आपल्याकडे हिवाळ्यात रात्री 9.30, उन्हाळ्यात 8.30. ब्रिटनची दुपारी 4 ची मुदतही नेमकी त्याच वेळेला पडते. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात, आपली नाही. ऑक्टोबरअखेरच्या मुदतींत गफलत होते ती इथेच. अमेरिकेची घड्याळं बदलण्याचे रविवार पुन्हा वेगळे.

शंका विचारायची असेल तर त्यांच्या सुट्ट्या आपल्या मानून चाला. ऑगस्टमध्ये युरोपात उत्तर मिळायला वेळ लागतो, नाताळ ते नववर्ष मिळतच नाही, अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आणि त्याला जोडून शुक्रवारही गेलाच. आपली दिवाळी आणि त्यांचा तो आठवडा मिळून नोव्हेंबर निम्मा संपतो. एफसीआरएचं (परदेशी देणग्यांच्या कायद्याचं) वार्षिक विवरण 31 डिसेंबरपर्यंत भरायचं असतं, तेव्हा डिसेंबरअखेरचा प्रस्ताव आणि विवरण एकाच माणसाकडे देऊ नका.

मिरज, वैद्यकीय संशोधन

माणसांवरच्या संशोधनाला लागणाऱ्या नैतिकता समितीच्या मंजुरीबद्दल थोडक्यात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बैठकीला किमान पाच सदस्य लागतात आणि त्यात वैद्यकेतर सदस्यही हवेत. डॉक्टर मंडळी आवारातच असतात; वकील आणि समाजातले प्रतिनिधी बाहेरून येतात, त्यामुळे गणपती-दिवाळीत गणपूर्ती हमखास त्यांच्यावाचून अडते. आधी या बाहेरच्या सदस्यांच्या तारखा घ्या, मग बैठक लावा. मराठी संमतीपत्रक पहिल्याच बैठकीला जोडलेलं असावं, नाहीतर दुरुस्तीसाठी परत पाठवतात आणि पुढची बैठक सणानंतरची असते.

फलटण

निधीदाते पाहणीला येणार असतील तर आषाढी एकादशीच्या आधीचे दोन आठवडे टाळा. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते, रस्ते वळवलेले असतात आणि अधिकारी बंदोबस्तात. 2026 ला एकादशी 25 जुलैला आहे. मांढरदेवच्या यात्रेत, पौष पौर्णिमेला, वाई तालुक्यात हीच गत.

कराड, सीएसआर

वरच्या सगळ्यात एक भर. कंपन्यांचं आर्थिक वर्ष मार्चला संपतं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत अचानक फोन येतो, "चार दिवसांत प्रस्ताव द्या". सीएसआर-1 चा (सीएसआर निधी घेण्यासाठीचा) नोंदणी क्रमांक, प्राप्तिकराची 12एबी (जुनं 12ए) आणि 80जी प्रमाणपत्रं, पॅन, तीन ताळेबंद, विश्वस्तांचा ठराव आणि रद्द केलेला धनादेश, असा एक फोल्डर कायम तयार ठेवा. 80जी ची मुदत प्रमाणपत्रावर पाहा, नूतनीकरणाचा अर्ज ती संपायच्या सहा महिने आधी करायचा असतो.

ठरावाला विश्वस्तांच्या सभेची नोटीस लागते, संस्थेच्या घटनेत असेल तितक्या दिवसांची. चार दिवसांत ती बसत नाही. म्हणून "वर्षभरात सीएसआर प्रस्ताव सादर करण्याचे व करारावर सही करण्याचे अधिकार सचिवांना" असा एकच ठराव एप्रिलच्या सभेत घ्या, रकमेची कमाल मर्यादा घालून. आणि बँकेचा शिल्लक दाखला 31 मार्चचा हवा असेल तर 1 एप्रिलला जाऊ नका, त्या दिवशी वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांचं काम बंद असतं. 2 तारखेला अर्ज द्या, खाते क्रमांक आणि "31 मार्च रोजीची शिल्लक" हे शब्द अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर त्या दिवशीची शिल्लक लिहून मिळते.